प्रवचन, ख्रिस्ती

ख्रिस्ती उपासनेत बायबलमधील उताऱ्याचे वाचन झाल्यावर धर्मगुरूने वा पाळकाने जमलेल्या मंडळीला त्याचा अर्थ उलगडून सांगणे व त्याची त्यांच्या जीवनाशी सांगड घालून देणे, म्हणजे ख्रिस्ती प्रवचन. ख्रिस्तेतरांपुढील शुभवर्तमानाची घोषणा आणि दीक्षार्थींना द्यावयाचे धर्मशिक्षण यांहून ते वेगळे आहे. घोषणेचा हेतू श्रद्धा जागविण्याचा, धर्मशिक्षणाचा ती समजावून देण्याचा, तर प्रवचनाचा हेतू श्रद्धावंतांची श्रद्धा पोसण्याचा असतो.

पोषणाची ही कल्पना मूळची बायबलमधील आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू आपल्या मेंढरांना चारण्याची व राखण्याची आज्ञा पेत्राला तीनदा देतो. कळपाऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांचा यहेज्केल संदेष्ट्याने धिक्कार केला आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने दूध आणि जड अन्न असा भेद केला. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेल्या ‘पाळक’ या शब्दातही मेंढपाळाचा हाच अर्थ आहे. अन्न कोणते द्यावे आणि ते ऐकणाऱ्यास कसे पचावे, हे प्रवचनाच्या इतिहासातील दोन मुख्य प्रश्न होत.

प्रवचनाची प्रथा ज्यू सभास्थानांतील धर्मग्रंथवाचनावरून आली. रोममध्ये रविवारी वाचनानंतर उपासनेचा प्रमुख उपदेश करीत असे, असा उल्लेख संत जस्टिनने सु. १५५ मध्ये केला आहे. संत जॉन क्रिसोस्टम (सु. ३४७–४०७) याने अँटिऑक व कॉन्स्टँटिनोपल येथील प्रवचनांत श्रीमंतांच्या चैनीवर व गरिबांच्या उपेक्षेवर कठोर टीका केली. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने प्रवचनकाराची तीन कार्ये सांगितली : शिकविणे, रिझविणे व कृतीस प्रवृत्त करणे. ज्या अन्नावर आपण जगतो तेच प्रवचनकाराने इतरांना वाढावे, अशी त्याची भूमिका होती. सर्वांना एकच उपदेश लागू पडत नाही, हे पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४) याने गरीब व श्रीमंत, दुःखी व आनंदी अशा श्रोत्यांच्या जोड्या कल्पून दाखविले.

मध्ययुगात पश्चिम यूरोपातील उपासनेची लॅटिन भाषा सामान्य जनांना कळेनाशी झाली. म्हणून ८१३ च्या तूर येथील धर्मसभेने प्रवचने लोकांच्या रोमान्स वा जर्मन बोलीत सांगावीत, असे ठरविले. पुढे १२१६ मध्ये मान्यता मिळालेल्या डॉमिनिकन संघाने प्रवचन हेच आपले प्रमुख कार्य मानले. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंट उपासनेत प्रवचनाला केंद्रस्थान मिळाले. झ्विंग्लीने १५१९ मध्ये झुरिक येथे मत्तयकृत शुभवर्तमानाचे क्रमवार विवरण सुरू केले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंवर रविवारी व सणांच्या दिवशी उपदेश करण्याचे बंधन घातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हा उपासनाविधीचाच भाग असल्याचे प्रतिपादन करून लोकभाषांच्या वापरास वाव दिला.

मराठी भाषकांच्या प्रदेशात हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. फादर स्टीफन्स याने गोव्यातील नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध *ख्रिस्तपुराण* (१६१६) रचले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजाला बायबलमधील कथा त्याच्या ओळखीच्या रीतीने मिळाव्यात, ही त्यामागील दृष्टी होती. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन व कीर्तन यांचा ख्रिस्ती उपदेशासाठी उपयोग केला. या दोहोंत आशय बायबलचा, पण घडण श्रोत्यांच्या परंपरेतील आहे.

प्रवचनात दोन दोष संभवतात. केवळ पांडित्याने भरलेले विवेचन अचूक असूनही मंडळीला उपाशी ठेवते. उलट श्रोत्यांना रुचेल तेवढेच सांगणारे प्रवचन गोड लागते, पण त्याने बळ येत नाही. मृत्यू, कर्ज, आजार वा कौटुंबिक कलह यांनी ग्रासलेली माणसे रविवारी समोर बसलेली असतात. वाचलेल्या वचनाशी प्रामाणिक राहून त्यांच्या दुःखाला भिडणे आणि गरज पडेल तेव्हा त्यांचे दोषही दाखविणे, हीच पोषक प्रवचनाची कसोटी होय. म्हणूनच प्रवचनकाराचे वक्तृत्व महत्त्वाचे असले, तरी त्याची प्रार्थना, अध्ययन व लोकांच्या घरी असलेले जाणेयेणे यांना त्याहून अधिक महत्त्व दिले जाते.