पूररेषेच्या अलीकडे आणि पलीकडे

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या की पाणी शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते आणि दत्ताच्या मनोहर पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला दूरदूरचे भाविक येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. कधी काय करायचे, हे पुजारी आणि गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आले आहेत. त्यासाठी शासननिर्णयाची गरज पडली नाही, पडूही नये. राज्यघटनेच्या कलम २६ नेही धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क दिला आहे.

पण गावाचे शहाणपण जिथे अपुरे पडते, तिथे सरकारचे काम सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. कोयना, वारणा, राधानगरी धरणांतून किती विसर्ग करायचा, कर्नाटकातल्या अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरच्या पुढे न्यायची का, या प्रश्नांवर नृसिंहवाडीची ग्रामपंचायत कोणाशी बोलणार? कृष्णा नदी राज्याची हद्द ओलांडते. तिचा तंटा लवादापुढे मांडणे, धरणांचा मेळ घालणे आणि वेळेत इशारा देणे हे सरकारशिवाय कोणालाच जमणारे नाही. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकरी बाहेर पडत असताना बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. संकटात यंत्रणा दारात न पोहोचणे, हे सरकारच्या मूळ कर्तव्यातलेच अपयश आहे.

मात्र संकट आले म्हणून अधिकाराला मोकळे रान मिळत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार बचावासाठी खासगी वाहन किंवा जागा ताब्यात घेता येते, पण लगेच पुढचे कलम ६६ मोबदला द्यायला लावते. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हे घटनेचे कलम ३००-अ सांगते. नदीकाठी सरकार आखते त्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी हवीच. नदीला वाट ठेवलीच पाहिजे. पण ती रेषा कोणत्या मोजणीवर आखली, हे शेतकऱ्याला पाहता आले पाहिजे. आणि सामान्य माणसाची भिंत अडवणारा नियम सरकारी रस्त्यांच्या भरावाला आणि पुलांनाही तितकाच लागू झाला पाहिजे. नागरिकाला एक न्याय आणि खात्याला दुसरा, हे स्वतंत्र देशाला शोभत नाही.

नेदरलँड्समध्ये पाण्याचा कारभार पाहणारी निवडून आलेली मंडळे आहेत, त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. ती स्वतःचा करही गोळा करतात. शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्तांनाही विसर्गाचे आणि पूररेषांचे निर्णय होतात त्या बैठकीत मतासह जागा द्यावी. पुढच्या पावसाळ्याआधी लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत मांडावी.