व्हायोलिनचं गाव

मुलांनो, आज घरी सगळ्यांना एक कोडं घाला. असं कुठलं गाव आहे, जिथल्या चर्चसमोर राजाचा नाही, सेनापतीचा नाही, तर व्हायोलिन बनवणाऱ्या एका कारागिराचा पुतळा उभा आहे? आईबाबांना नाही आलं तर थोडा भाव खा आणि मग सांगा, मिटनवाल्ड!

हे गाव आहे जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, आल्प्स पर्वताच्या कुशीत. म्युनिकहून आगगाडीत बसलात की सुमारे दोन तासांत पोचता. स्टेशनवर उतरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. गावाच्या डोक्यावरच कार्वेंडेलचे करडे कडे उभे! गाव साधारण ९०० मीटर उंचीवर आणि समोरचं शिखर २३८५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे करा हिशोब. १९६७ साली इथं एक रोपवे बांधला, तो थेट २२४४ मीटरपर्यंत चढतो. बच्चेकंपनीला तोच आधी हवा असणार, पण आपण आधी गावात शिरू या.

इथली घरं पाहिलीत तर वाटेल, कुणीतरी चित्रकलेची वही उघडून ठेवलीय. भिंतींवर संत, देवदूत, फुलांच्या वेली. काही खांब, काही महिरपी तर खऱ्या नाहीतच, नुसत्या रंगवलेल्या! जवळ जाऊन हात लावला की कळतं, भिंत सपाट आहे. चर्चचा उंच मनोरासुद्धा रंगवलेला आहे. ओल्या गिलाव्यावरच रंग भरले की ते भिंतीत मुरतात आणि पावसा-बर्फात टिकतात. म्हणून तर अठराव्या शतकातली चित्रं आजही दिसतात. मोठा जर्मन कवी गटे १७८६ साली इटलीला निघाला होता, तेव्हा एक रात्र याच गावात राहिला होता.

डोंगरातल्या एवढ्याशा गावाकडे हा पैसा आला कुठून? तर रस्त्यामुळे. जर्मनी आणि इटली यांच्यामधला व्यापारी रस्ता इथूनच जायचा. १४८७ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचं आणि पलीकडच्या तिरोलच्या राज्यकर्त्याचं बिनसलं. व्यापाऱ्यांनी बोत्सेन गावची आपली मोठी जत्रा उचलली आणि मिटनवाल्डला आणली. झालं, गावाचं नशीब उघडलं! रेशीम, मसाले, दारूची पिंपं इथं उतरायची आणि पुढे जायची. माल वाहायचा, साठवायचा, गाडीवान आणि घोड्यांची सोय करायची, साऱ्या गावाला काम. हे जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. पण १६७९ साली जत्रा परत बोत्सेनला गेली. शेतीला जमीन थोडी, हिवाळा लांबलचक. आता खायचं काय?

आपला कारागीर इथं येतो. त्याचं नाव माथियास क्लोट्झ. जन्म १६५३ चा, याच गावातला. तरुणपणी तो इटलीतल्या पादुआ शहरात एका वाद्यं बनवणाऱ्या उस्तादाकडे उमेदवारी करत होता. १६८० नंतरच्या काही वर्षांत तो गावी परतला आणि व्हायोलिनं बनवू लागला. त्याच्याविषयी दंतकथा खूप आहेत. कुणी सांगतं, तो जंगलात जाऊन झाडांवर टकटक करायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. खरंखोटं देव जाणे. पण झाडांची गोष्ट मात्र खरी.

डोंगरात उंचावर उन्हाळा छोटा असतो. तिथलं स्प्रूस नावाचं झाड (देवदाराचा भाऊबंद म्हणा) फार सावकाश वाढतं. त्यामुळे खोडातली वर्षांची वलयं एकमेकांना खेटून पडतात. असं लाकूड वजनाला हलकं, पण ताठ असतं. व्हायोलिनची वरची पाटी याचीच करतात. ती जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, आणि चार तारांचा मिळून वीस किलोहून जास्त ताण असतो! मागची पाटी मेपलच्या लाकडाची. दोन्ही झाडं गावाच्या आसपासच. लाकूड दाराशी आणि इटलीचा रस्ताही दाराशी.

क्लोट्झनं मुलांना शिकवलं, शेजाऱ्यांनीही कला उचलली. १७४३ साली तो वारला तेव्हा गावाला नवा धंदा मिळाला होता. मोत्सार्ट हा थोर संगीतकार जे व्हायोलिन वाजवायचा, तेही क्लोट्झ घराण्यातलंच. आपल्या मिरजेची आठवण झाली ना? तिथंही पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात. फक्त तिथं लाकडाच्या जोडीला भोपळा लागतो, आणि तो येतो पंढरपूरकडून.

पण पुढे एक अडचण आली बरं का. एकोणिसाव्या शतकात धंदा मोठ्या व्यापाऱ्यांच्या हातात गेला. स्वस्त आणि ढिगानं व्हायोलिनं हवीत! मग एका घरात नुसत्या मानाच कोरायच्या, दुसऱ्या घरात नुसत्या पेट्या. मजुरी तुटपुंजी. आयुष्यभर मानाच कोरणाऱ्याला अख्खं व्हायोलिन येणार कसं? कलाच बुडायची वेळ आली. तेव्हा १८५८ साली बव्हेरियाचा राजा दुसरा माक्सिमिलियान यानं इथं व्हायोलिन बनवण्याची शाळा काढली. ती आजही चालू आहे. जगभरातून तरुण मुलंमुली येतात, साडेतीन वर्षं राहतात. पालकांनो, परीक्षेचे गुण तिथंही असतात, पण रंधा नीट धरता आला नाही तर त्या गुणांचं काय करणार?

गावातल्या संग्रहालयात व्हायोलिन आतून कसं असतं तेही पाहता येतं. दोन पाट्यांच्या मध्ये एक छोटीशी काडी उभी असते. डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या दाबानं उभी. ती जरा सरकली तरी आवाज बदलतो. इटालियन लोक या काडीला म्हणतात ‘आत्मा’!

तुमच्या ओळखीत कुणाकडे व्हायोलिन असेल तर परवानगी घेऊन त्याच्या लांबट भोकातून डोकावून पाहा. काडी दिसेल, आणि बहुतेक कारागिराच्या नावाची चिठ्ठीही. मात्र त्या चिठ्ठीवर एखाद्या जगप्रसिद्ध इटालियन उस्तादाचं नाव दिसलं तर लगेच घरभर ओरडत सुटू नका. अशा नकली चिठ्ठ्या कारखान्यांनी हजारोंनी चिकटवल्या आहेत!