गणिकागृहाची जमाखर्चाची वही

ज्या कादंबरीचें नांव सुनालेकींच्या देखत घेण्यास आमच्या पिढीचे गृहस्थ कचरतात, तिजविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं मिन्ना व एडा एव्हर्ली या दोघी सख्ख्या बहिणींनीं १ फेब्रुवारी १९०० रोजीं एक गणिकागृह उघडलें आणि २४ ऑक्टोबर १९११ रोजीं नगराध्यक्षाच्या हुकुमानें तें बंद होईपर्यंत मोठ्या दिमाखानें चालविलें. सोनेरी वर्ख दिलेला पियानो, ग्रंथालय, चित्रशाला, जाजमें, सर्व कांहीं तेथें होतें. आयर्विंग वॉलेस यांनीं १९८८ सालीं ‘द गोल्डन रूम’ ही कादंबरी याच बहिणींवर रचिली. असलें पुस्तक एकत्र कुटुंबांत यावें कीं नाहीं, हा वाद आम्हांस गौण वाटतो. आलेंच तर तें कसें वाचावें, हें मात्र घरांतील वडील माणसांनीं अवश्य सांगावें.

विषय आपणांस परका नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत ‘गणिकाध्यक्ष’ नामक सरकारी अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. रूप, यौवन आणि कला यांनीं संपन्न अशी स्त्री सहस्र पण देऊन गणिका नेमावी. ती निघून गेली अथवा मृत्यु पावली तर तिच्या मुलीनें किंवा बहिणीनें तें कुटुंब पुढें चालवावें, असा तेथें स्पष्ट नियम आहे. म्हणजे शिकागोच्या बहिणींची व्यवस्था आपल्या आचार्यांस दोन सहस्र वर्षांपूर्वींच सुचलेली होती! परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. गणिकेस काय मिळालें, तिचें उत्पन्न किती, खर्च किती, याची नोंद अध्यक्षानें ठेवावयाची. आणि तिला दास्यांतून सुटावयाचें असल्यास निष्क्रय चोवीस सहस्र पण. आंत जाण्याचा आंकडा एक सहस्र, बाहेर पडण्याचा चोवीस सहस्र. या दोन आंकड्यांत जें सांगितलें आहे, तें शंभर पानांच्या शृंगारवर्णनांत सांपडणार नाहीं.

कौटिल्य रुक्ष म्हणून ज्यांस नकोसा वाटतो, त्यांनीं शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा चौथा अंक काढावा. वसंतसेनेच्या वाड्याचे आठ चौक विदूषक मैत्रेय एकामागून एक पाहत जातो. हस्तिदंती तोरण, बांधलेले पशु, वाद्यें, जडावाचें काम करणारे कारागीर, पिंजऱ्यांतील पोपट! पांचव्या चौकांत पाकशाळेचा सुगंध आल्याबरोबर आपणांसही पाय धुवून पानावर बसण्याचें आमंत्रण मिळेल काय, अशी त्याला आशा वाटूं लागते. (ब्राह्मणाच्या जिभेची ही थट्टा ब्राह्मण वाचकांनीं मनावर घेऊं नये, ती खरीच आहे.) ऐश्वर्याचें हें वर्णन बहुतेकांच्या स्मरणांत राहतें. परंतु त्याच अंकांत, त्या वर्णनाच्या आधीं, शर्विलक नांवाचा ब्राह्मण चोरीचे अलंकार घेऊन त्याच घरीं आलेला असतो. ते त्यानें कशासाठीं चोरिले? वसंतसेनेची दासी मदनिका हिची किंमत भरून तिला सोडवावी म्हणून. वसंतसेना कांहीं न घेतां तिला मुक्त करते, ही तिची थोरवी. पण घराची शोभा आणि दासीची किंमत हीं दोन्हीं कवीनें एकाच अंकांत ठेविलीं, ही कवीची थोरवी होय.

आमच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीकारांकडून आम्ही नेमकी हीच अपेक्षा करितों. पेशवाईच्या रंगमहालाचें वर्णन आलें कीं हंड्याझुंबरें लागतात, अत्तराचे फाये फिरतात, लावणी सुरू होते. पण गाणारी मुलगी कोठून आली, हें विचारण्यास लेखणी थांबत नाहीं. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. व्यभिचाराचा आरोप आलेल्या कित्येक स्त्रियांस सरकार आपल्या ताब्यांत घेई, किल्ल्यांवर व कोठ्यांत राबवी, किंवा विकून टाकी. ज्या राज्यास आपण धर्मराज्य म्हणून मिरवितों, त्याच्याच वहींत ही जमा आहे. हें लिहितांना आम्हांस सुख वाटत नाहीं. परंतु इतिहासाचें नांव घेतल्यावर सोयीचीं पानें तेवढीं उलटून कसें चालेल?

हें सर्व बाहेरच्यांनीं लिहिलेलें. आंतून लिहूं शकणारी एक लेखणी मराठीस लाभली होती. नायकिणीच्या कुळांत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर या गायन शिकल्या, कविता केल्या, आणि त्यांचें ‘संगीत दामिनी’ हें नाटक १९१२ सालीं ललितकलादर्श मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. स्त्रीनें लिहिलेलें नाटक व्यावसायिक रंगभूमीवर येणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. मोठमोठ्या साहित्यिकांशीं त्यांचा परिचय होता. पण कुळाचा शिक्का कांहीं पुसला गेला नाहीं. १९५१ सालीं कोंकणांतील पालशेत येथें त्यांचा अंत झाला. पुढें वसंत कानेटकरांनीं त्यांच्या जीवनावरून ‘कस्तुरीमृग’ हें नाटक लिहिलें. म्हणजे हिराबाईंविषयीं इतरांनीं लिहिलें. त्यांना मात्र आपल्या घराची कादंबरी लिहावयास कोणीं आग्रहानें सांगितलें नाहीं. मराठी वाङ्मयाची ही हानि आम्हांस एव्हर्ली भगिनींच्या सोनेरी पियानोपेक्षां अधिक मोलाची वाटते.

आमच्या भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. घरदार गांवीं ठेवून आलेला मजूर येथें एकटा राहतो. आणि हनुमान टेकडीची वस्ती कोठें आहे हें कोणा भिवंडीकरास विचारावें लागत नाहीं. तेथें झुंबरें नाहींत, ग्रंथालय नाहीं, कादंबरीस उपयोगी पडेल असें कांहींच नाहीं. परप्रांतांतून आलेल्या मुली आहेत, आणि प्रत्येकीच्या मागें कोणीतरी कोणास तरी दिलेली एक रक्कम आहे. घरांतील तरुण मंडळी त्या शिकागोच्या कादंबरीचीं पानें उलटीत असतील तेव्हां आजोबांनीं पुस्तक हिसकावून घेऊं नये. जवळ बसून एवढेंच विचारावें, ‘‘बाळ, त्या घरांत किती मुली होत्या? त्यांतल्या कोणाचें नांव तुझ्या लक्षांत राहिलें काय?’’