सुंभाने शिवलेले जहाज, संगणकाच्या पाण्यात

हिजरी ५७९, म्हणजे इसवी सन ११८३ चा जुलै. अंदलुसचे प्रवासी इब्ने जुबैर हजच्या वाटेवर होते. मिसर ओलांडून ते लाल समुद्राच्या काठी ऐजाब बंदरात आले आणि तिथून जिद्द्याला जाणाऱ्या जहाजात चढले. या जहाजांना तिथे ‘जलबा’ म्हणत. आपल्या सफरनाम्यात त्यांनी जलबाची बांधणी इतकी बारकाईने लिहिली आहे की वाचताना सुताराशेजारी उभे असल्यासारखे वाटते. लोखंडाचा एकही खिळा नाही. फळ्या नारळाच्या काथ्याच्या सुंभाने एकमेकींना शिवलेल्या. मध्ये खजुरीच्या लाकडाच्या मेखा. वरून तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोळलेले, त्यातही शार्कचे तेल उत्तम. शिडे झाडाच्या पानांच्या विणलेल्या चटयांची. आणि आपल्यासाठी खास गोष्ट ही की, लाकूड आणि काथ्या हिंदुस्थान आणि यमनमधून येत असे.

हीच जलबा गेले काही महिने आमच्या घरी बांधली जात आहे. लाकडाची नव्हे, संगणकावरची. सिम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा समुद्र. त्यात वारा, लाटा, भरती-ओहोटी सगळे हिशेबाने चालते आणि आपण जहाज हाकायचे. मर्चंट नेव्हीच्या मुलांना अशाच यंत्रांवर शिकवतात. घरच्या संगणकावर चालणारे साधे प्रकारही आहेत आणि काहींत स्वतः तयार केलेले जहाज घालता येते. आमच्या या कारखान्यात इंजिनीअरिंगला असलेला भाचा आहे, चित्रे काढणारी मुलगी आहे, पुस्तके चाळणारे आम्ही दोघे नवरा-बायको आहोत आणि ८४ वर्षांचे चाचा आहेत. चाचांनी जवानीत कोकणातून फत्तेमारीवर बसऱ्याच्या खेपा केल्या. तिकडून खजूर यायचा.

पहिला प्रश्न आकाराचा. वर्णन आहे, पण वर्णनावरून जहाजाचा तळ काढता येत नाही. इथे मदतीला आले एक बुडालेले जहाज. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी नवव्या शतकातले जहाज सापडले. चीनच्या तांग राजवटीतली सुमारे ६० हजार भांडी त्यात होती; एका वाडग्यावर कोरलेली तारीख इसवी सन ८२६ ची निघाली. माल चीनचा, पण जहाज अरबी पद्धतीचे, शिवलेले. त्याच्या अवशेषांवरून ओमानमध्ये ‘ज्वेल ऑफ मस्कत’ नावाचे सुमारे १८ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद जहाज बांधले गेले. १६ फेब्रुवारी २०१० रोजी ते मस्कतहून निघाले. वाटेत श्रीलंकेत डोलकाठ्या बदलाव्या लागल्या, पण ३ जुलैला ते सिंगापूरला पोहोचले. शिवलेले जहाज एवढा समुद्र ओलांडू शकते की नाही, हा वाद तिथे मिटला. आमच्या जलबाचा तळ आम्ही याच मापांवर बेतला.

शीड आणि सुकाणू मात्र आमच्या जबाबदारीवर. ज्वेल ऑफ मस्कतला चौकोनी शिडे होती आणि दोन्ही बाजूंना एकेक सुकाणू. नवव्या शतकासाठी ते ठीकच. पण इब्ने जुबैर साडेतीनशे वर्षांनंतरचे. तोवर भूमध्य समुद्रात तिरक्या परबाणावरची शिडे सर्रास झाली होती, आणि ऐजाब तर मिसरच्या वाटेवरचे बंदर. म्हणून आम्ही तिरके शीड घेतले. सुकाणूसाठी एक चित्र उपयोगी पडले. बगदादकडच्या यह्या अल-वासिती या चित्रकाराने १२३७ मध्ये हरीरीच्या ‘मकामात’साठी काढलेले हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात जहाजाच्या बाहेरच्या अंगावर शिवणीचे टाके दिसतात, मागच्या टोकाला मध्यभागी सुकाणू दिसते आणि पाणी उपसणारी माणसेही दिसतात. सुकाणू तिथून उचलले. उपसणारी माणसेही.

दिसणे तसे सोपे निघाले. मुलीने फळ्यांचा रंग, तेलाचा काळपट ओशटपणा, टाक्यांची ओळ सगळे उतरवले. प्रत्येक टाका घन आकार म्हणून घातला तर संगणक गुडघे टेकतो; म्हणून गुळगुळीत पृष्ठभागावर टाक्यांचे उंचसखल चित्र चिकटवायचे, उजेड पडला की ते खरे वाटते. दूरून दिसणारे जहाज आणखी साधे ठेवायचे. पण पाण्याला यातले काहीच दिसत नाही. सिम्युलेटरचे पाणी मोजते ते आत दडलेले दुसरे, साधे जहाज: किती बुडते, वजन कुठे आहे, वारा कुठे ढकलतो. खाऱ्या पाण्याचा एक घनमीटर सुमारे १०२५ किलोंचा. जहाज जितके पाणी बाजूला सारेल तितके वजन ते पेलेल. पण ते सरळ उभे राहील की कलंडेल हे त्या वजनाच्या जागेवर ठरते.

इब्ने जुबैर यांची तक्रार आम्हाला इथे नीट कळली. ऐजाबचे जहाजमालक एका फेरीत जहाजाची किंमत वसूल करण्यासाठी हाजींना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे एकमेकांवर कोंबत, असे ते लिहितात. आम्ही १०० माणसे धरली, सरासरी ६० किलो. म्हणजे ६ टन. हेच ६ टन तळाशी मालाच्या जागी ठेवले तर जहाज शांत चालते. वर, कठड्याच्या उंचीवर ठेवले, की बाजूच्या वाऱ्यात ते झुकते आणि परत यायला वेळ लावते. त्यात शिवणींतून झिरपणारे पाणी तळात हिंदकळू लागले की झुकलेल्या बाजूलाच धावते. पडद्यावर ते पाहताना मुलगी म्हणाली, “अम्मी, हे लोक आत होते ना?” कुणीच उत्तर दिले नाही. भाच्याने वजन खाली घेतले नाही, तसेच ठेवले.

सिम्युलेटरला जहाज म्हणजे दगडासारखा कडक पदार्थ वाटतो. शिवलेले जहाज तसे नसते, ते थोडे लवते. लोखंडी खिळ्यांचे जहाज खडकावर फुटते आणि सुंभाने शिवलेले टिकते, असे इब्ने बतूता यांनीही लिहून ठेवले आहे. लाल समुद्राचे काठ पोवळ्याच्या खडकांनी भरलेले, तेव्हा हे महत्त्वाचे. आम्ही त्याची नक्कल अशी केली: हळू वेगाने घासले तर तळ फुटत नाही, गळती वाढते. मग उपसणारी माणसे वाढवायची.

चाचांना हे सगळे आवडले, पण जहाज वळताना पाहून ते हसले. “अरे बेटा, हे जहाज आहे की रिक्षा? इतक्या जागेत वळते?” सिम्युलेटरच्या तयार हिशेबात जहाज नाळ वाऱ्याकडे करून झटकन दुसऱ्या बाजूला येते. तिरक्या शिडाचे गलबत असे वळवत नाहीत, चाचा म्हणाले. वाऱ्याकडे पाठ करायची, मोठा फेरा घ्यायचा आणि त्या फेऱ्यात लांबलचक परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यायचे. दामण सोडायचे, सगळ्या खलाशांनी धावायचे, एकाचाही हात चुकता कामा नये. यात जहाज वाऱ्याखाली बरेच घसरते. खडकांच्या समुद्रात तेवढी जागा आधीच राखून ठेवावी लागते. भाच्याने दोन आठवडे हा फेरा बसवण्यात घालवले. त्यानंतर इब्ने जुबैर यांनी खडकांतून जहाज काढणाऱ्या नाखव्यांचे केलेले कौतुक आम्हाला वेगळ्याच अर्थाने कळले.

ऐजाब ते जिद्दा फेरी आता पूर्ण होते. उन्हाळ्याचा उत्तरेकडचा वारा, जिद्दा पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला. इब्ने जुबैर यांना सुमारे आठवडा लागला. वादळ आणि भरकटणे धरून. आम्ही रात्री खडकांजवळ नांगर टाकतो, म्हणून आम्हालाही फारसा कमी लागत नाही.

दोरखंड अजून बाकी आहेत. फत्तेमारीवर कोणता दोर कुठे बांधायचा आणि कोणत्या गाठीने, हे आम्ही चाळलेल्या पुस्तकांत मिळाले नाही. दर रविवारी मुलगी सुंभाचा तुकडा घेऊन चाचांपुढे बसते आणि वहीत लिहून घेते. चौदा गाठी झाल्या आहेत. परवाच्या गाठीचे नाव चाचांना आठवेना, पण हातांनी ती तीनदा बांधून दाखवली. तिचा व्हिडिओ काढून ठेवला आहे.