कडेला लाल-निळे दिवे दिसले की…

सुट्टीच्या दिवशी आपल्यापैकी बरेच जण मस्कत-सोहार रस्त्यावर असतात. खाबुऱ्याच्या आसपास रस्ता सरळ आणि सपाट. मागे मुले पेंगत असतात, गाणी चालू असतात आणि वेग कधी वाढला ते कळत नाही. अशा वेळी कडेला पोलिसांची गाडी किंवा अँब्युलन्स उभी दिसली तर काय करावे, हे मी नव्याने आलेल्या मित्रांना आवर्जून सांगतो.

आधी हिशोब पाहू. बातिना एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ५० मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी ८० मीटर लागतात. ताशी ६० च्या वेगाला मात्र एकूण ४५ मीटर पुरतात. ओल्या रस्त्यावर अंतर आणखी वाढते. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन वादळ आले तेव्हा खाबुऱ्यात ३६९ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा पावसानंतर मदतीला आलेली माणसे पाण्याचिखलात काम करतात, तेव्हा वरचे आकडे विसरावेत आणि वेग त्याहून कमी ठेवावा.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. इथे उभी गाडी आपल्या उजवीकडे असते आणि आपण बसतो डावीकडे. भारतात ड्रायव्हिंग शिकलेल्याला त्या बाजूला किती जागा आहे याचा अंदाज पटकन येत नाही. म्हणून लांबून दिवे दिसताच आरशात पाहावे, सिग्नल द्यावा आणि डावीकडच्या लेनमध्ये जावे. तिथे जागा नसेल तर हळूहळू वेग उतरवावा. एकदम ब्रेक मारू नये, मागे ट्रेलर असतो! अमेरिकेत अशी लेन सोडण्याचा कायदा १९९६ साली साउथ कॅरोलिनात झाला आणि २०१२ पर्यंत सर्व ५० राज्यांत पोचला. स्ट्रेचर उचलणारा माणूस पाठमोरा असतो, त्याला आपली गाडी दिसत नाही.

आपला बघेपणाही घातक आहे. अपघात पाहायला तीन सेकंद मान वळवली की गाडी शंभर मीटर आंधळी धावते. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

जून २०१६ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पनवेलजवळ कडेला थांबलेल्या दोन गाड्यांवर बस आदळली आणि १७ जण गेले. टायर पंक्चर झाल्यामुळे गाड्या थांबल्या होत्या. तेव्हा आपली गाडी बंद पडली तर हॅझर्ड लाइट लावा आणि मुलांसह सर्वांना रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या. टायर बदलण्याची घाई नको. ९९९९ वर पोलिसांना फोन करा. शेवटची पाटी कोणती दिसली ते शेजारी बसलेल्याने लक्षात ठेवले तर जागा सांगणे सोपे जाते.