तीन कामांचे एक यंत्र

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी नाशिकला नुसते पगार दिले नाहीत, कसबी हातही दिले. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, पाठोपाठ शहराभोवती मोठे उद्योग वाढले आणि फिटर, टर्नर, वेल्डर हे शब्द घरोघरी ओळखीचे झाले. अशा हातांना निवृत्ती मानवत नाही. फंडाचे पैसे येतात, मुले मार्गी लागतात आणि घरामागच्या शेडमध्ये आधी व्हाइस, मग ग्राइंडर येतो. त्यानंतर वेध लागतात ते वेल्डिंग मशीनचे. दुकानदार सांगतो, "काका, वेगवेगळी मशीन कशाला? हे एकच घ्या. रॉड, मिग, टिग, तिन्ही कामे करते." मोह पडावा असेच हे बोलणे आहे. पण खिशात हात घालण्यापूर्वी थोडा हिशेब मांडायला हवा.

रॉडचे वेल्डिंग हे या तिघांतले सर्वांत सोशिक. रॉडवरचा लेप जळतो, त्याचा वायू आणि खपली वितळलेल्या लोखंडाचे हवेपासून रक्षण करतात. थोडा गंज, थोडा वारा त्याला चालतो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत जाऊन मांडवाचा अँगल जोडायचा, तर हाच गडी उपयोगी. मिगमध्ये (ओझरच्या विमानाशी याचा काही संबंध नाही!) तार बंदुकीतून आपोआप पुढे येते आणि रक्षणासाठी गॅस सोडला जातो. हात लवकर बसतो, पातळ पत्रा नीट जुळतो. मात्र उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो. टिगमध्ये टंगस्टनची सुई आणि आर्गॉन वायू. १९४० च्या दशकात अमेरिकेतील विमान उद्योगात ही पद्धत पुढे आली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार. काम संथ, पण स्टेनलेसच्या रेलिंगवर सांधा असा येतो की बघत राहावे.

आता खरी मेख. यंत्र एक असले तरी सिलिंडर एक नसतो. मिगने साधे लोखंड जोडायला कार्बन डायऑक्साइड चालतो, टिगला मात्र शुद्ध आर्गॉनच लागतो. म्हणजे दोन सिलिंडर, दोन रेग्युलेटर आणि ते उभे ठेवून साखळीने बांधायला जागा. शिवाय अशा यंत्रांपैकी बहुतेकांचे टिग डीसीवर चालते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टिगला एसी लागते. "अ‍ॅल्युमिनियमही होईल" असे कोणी म्हणाले, तर ते आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगावे.

दुसरी गोष्ट पाटीवरच्या आकड्यांची. '२०० अँपिअर, ३० टक्के' याचा अर्थ असा, की चाळीस अंश तापमानात त्या करंटवर दहा मिनिटांतली तीनच मिनिटे काम. उरलेली सात मिनिटे विश्रांती. करंट कमी केला की कामाचा वेळ वाढतो. घरी अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण सत्तर-नव्वद अँपिअर पुरतात, तेव्हा ३० टक्क्यांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र टक्केवारी लिहिलेलीच नसेल, तर तो मोठा आकडा नुसता शोभेचा समजावा.

तिसरी गोष्ट आपल्या भिंतीतल्या तारांची. २०० अँपिअरवर रॉडच्या ज्योतीला सुमारे २८ व्होल्ट लागतात. गुणाकार केला तर ५६०० वॉट होतात. त्यात यंत्रातली घट धरली की घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर तीस अँपिअरच्या आसपास, काही यंत्रांत त्याहूनही जास्त भार पडतो. गिझरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला हे झेपणारे नाही. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, योग्य ब्रेकर आणि पक्के अर्थिंग हवे. मंजूर भार पुरतो का, हेही महावितरणकडे विचारून घ्यावे. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

मग घ्यावे काय? गेट, ग्रिल, शेतीची अवजारे एवढेच काम असेल, तर रॉडचे साधे इन्व्हर्टर मशीन पुष्कळ झाले. पातळ पत्रा आणि चौकोनी पाइप रोजचे असतील, तर मिगची जोड सार्थकी लागते. अशा यंत्रात टोकांची अदलाबदल करता यावी, म्हणजे बिनगॅसची फ्लक्सवाली तारही वापरता येते. स्टेनलेसचे काम खरोखर हाती असेल, तरच टिगसाठी जादा पैसे मोजावेत. दुकानात जाताना आपल्याच कामातले चार तुकडे बरोबर न्यावेत आणि त्यांवर टाके मारून पाहावेत. टॉर्चची टोके गावात मिळतात का आणि बिघाड झाला तर कार्ड दुरुस्त कोण करतो, हेही विचारून घ्यावे.

एवढे करून पैसे उरले, तर ते मोठ्या यंत्रात घालू नयेत, डोळ्यांसाठी ठेवावेत. दहा-अकरा नंबरच्या काचेचा चांगला मुखवटा, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे आणि पोरांची नजर ज्योतीकडे जाऊ नये म्हणून शेडला पडदा. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याचे दुखणे त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर छातीत गेला, तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ किंवा दूध हा उपाय नव्हे. मुलामा घासून काढावा आणि उघड्या हवेत, धुरापासून तोंड दूर ठेवून काम करावे. डिझेल-पेट्रोलचे रिकामे पिंप तर कधीच जोडायला घेऊ नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण यंत्रालाही लागू पडते आणि ते विकत घेणाऱ्यालाही. तीन कला येणारे यंत्र वाईट नाही. पण त्यातल्या दोन कला वर्षानुवर्षे झाकून पडल्या, तर फंडातले तेवढे पैसे शेडमध्ये धूळ खात राहतात. आधी आपले काम कागदावर लिहावे, मग घरची वीज पाहावी आणि शेवटी दुकानाची पायरी चढावी. आयुष्यभर कारखान्यासाठी राबलेल्या हातांनी आता स्वतःसाठी, नातवंडांच्या झोक्यासाठी राबायचे आहे. त्यासाठी यंत्र बेताचे असले तरी चालेल, डोळे मात्र शाबूत हवेत.