जुनी पेटी घेताना

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायला आली की बहुतेकांची नजर आधी लाकडावर जाते. सागवानाचा मुरलेला रंग, कडांवरचे पितळ, पडद्यावरची नक्षी. जाणकार कारागीर मात्र एकही स्वर वाजवायच्या आधी हवा रोखणारे सगळे स्टॉपर बंद करतो आणि भाता मारतो. हाताला घट्ट विरोध जाणवला पाहिजे. हात सहज पुढे गेला, तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग तो एक स्टॉपर उघडतो. पट्टीला बोटही न लावता एखादा स्वर गुणगुणू लागला, तर त्या पट्टीखालचे चामडे नीट बसत नाही किंवा कसरीने खाल्ले आहे, हे त्याला कळते.

या दोषांनी तो घाबरत नाही. चामडे बदलता येते, भाता नव्याने बांधता येतो, स्प्रिंगा मिळतात. त्याला खरी धास्ती असते ती सुरांची.

साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या. खर्ज आणि नर असे दोन संच असले की ८४ सूर. प्रत्येक सूर म्हणजे पितळी पत्र्यावर एका टोकाला पक्की केलेली पितळेचीच बारीक जीभ. स्वर चढवायचा तर जिभेचे टोक खरवडतात, उतरवायचा तर मुळाकडचा भाग. खरवडून गेलेले पितळ परत येत नाही, त्यामुळे घाईने आणि अर्धवट हातांनी अनेकदा ट्यून केलेली पेटी आतून झिजत जाते. कारागीर सुरांची फळी बाहेर काढून उजेडात धरतो आणि एकेका जिभेवरचे ओरखडे बघतो. खोल ओरखडे असलेली जीभ आज गोड बोलेल, पण चीर गेली की तो सूर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. त्याच जातीचा, त्याच आवाजाचा सूर मिळवणे फार कठीण.

तरीही जुन्या पेट्यांना मागणी आहे, आणि ती योग्यच आहे. त्याचे कारण त्यांच्या सुरांच्या इतिहासात आहे. अलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी घडवली. जर्मनी आणि पॅरिसहून येणारे सूर इथल्या पेट्यांत बसत. आता बरेचसे सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे असतात. जुन्या जर्मन सुरांच्या गोडव्याला वादक आजही मान देतात. मात्र ‘जर्मन सूर’ हे विक्रेत्याचे दोन शब्द पुरेसे नाहीत, फळी बघायलाच हवी.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. फ्रान्सने १८५९ साली प्रमाण स्वर ४३५ हर्ट्झ ठरवला होता, आज बहुतेक ठिकाणी ४४० चालतो; जुनी पेटी त्या जुन्या स्वरावर लावलेली असू शकते. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या भागाइतका. एकट्या गायकाच्या साथीला तो आड येत नाही, तंबोरा पेटीला जुळवून घेता येतो. शेजारी कीबोर्ड असेल तर मात्र कान लगेच तक्रार करतो. पेटी चढवायची, तर ८४ जिभा पुन्हा खरवडायच्या. चांगल्या जुन्या सुरांवर हा अत्याचार करू नये.

नवी पेटी घ्यायची झाली, तर तिचे सूर सुरुवातीच्या काळात थोडे हलतात, तेव्हा पहिले ट्यूनिंग बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावे. पट्ट्या सरकवणारा स्केल चेंजर मोहक असतो, पण त्यात हलणारे भाग जास्त, म्हणून बिघाडाच्या जागाही जास्त. वापरलेली स्केल चेंजर पेटी प्रत्येक पट्टीवर सरकवून, सगळे स्वर वाजवूनच घ्यावी.

शिकायला नुकत्याच बसलेल्या मुलासाठी नवी, साधी, खर्ज-नर पेटीच घ्यावी, आणि तीही दुरुस्तीला सहज नेता येईल अशा जवळच्या कारागिराची. हात बसलेल्या वादकाने जुनी जरूर शोधावी. फक्त सुरांची फळी उघडून दाखवायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.